कुंद्याच्या पिशवीतल्या दहा पट्ट्या

बेळगावहून भोपाळला जायचे तर गोवा एक्स्प्रेस बरी पडते. मधे गाडी बदलावी लागत नाही आणि सामान एकदा बाकाखाली सरकवले की भोपाळलाच बाहेर काढायचे. २०२५ च्या मे महिन्यात कॉलेजला सुट्टी लागली तशी मी अक्काकडे निघाले. अक्का माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी. लग्न होऊन तिकडे गेली तेव्हा मी शाळेत होते. दाजी कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी अवधपुरीत घर बांधले. भेलच्या वसाहतीजवळचा हा भाग. अशी निवृत्त माणसांची घरे तिथे पुष्कळ, आणि त्यात मराठी घरेही बरीच.

अक्काकडे जाताना पिशवीत काय न्यायचे हे ठरलेले असते. कुंदा, सांडगी मिरची, थोडे जवारीचे पीठ. या वेळी तिने फोनवर आणखी एक वस्तू सांगितली होती. "गुडघ्याच्या त्या गोळ्या आण ग दहा पट्ट्या. इथल्या गोळीला तो गुण नाही." दोन वर्षांपूर्वी माहेरी आली असताना कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून घेतलेली ती गोळी तिला भलतीच लागू पडली होती. मी दुकानात रिकामी पट्टी दाखवली. दुकानदाराने दहा पट्ट्या मोजून दिल्या. ना त्याने काही विचारले, ना मी काही सांगितले. कुंद्याच्या डब्यावर त्या पट्ट्या ठेवून मी पिशवी बांधली.

ही गोष्ट मी लिहिते आहे ती त्या पट्ट्यांमुळे. डॉक्टर नाही, कॉलेजात मराठी शिकवते. पण जे घडले ते माझ्या हाताने नेलेल्या गोळ्यांनी घडले, त्यामुळे त्यातले जेवढे समजून घेता आले तेवढे घेतले.

अक्काचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. चहाबरोबर बीपीची गोळी. नाश्त्यानंतर गुडघ्याची एक, रात्री जेवणानंतर दुसरी. पाहुणे असले, उभ्याने स्वयंपाक जास्त झाला, की दुपारी तिसरी. पोटात जळजळते म्हणून सकाळी उपाशीपोटी आणखी एक. डोके चढले तर दाजींच्या खणातली डोकेदुखीची. या सगळ्यांत तिच्या हिशेबी औषध एकच, बीपीचे. बाकीच्या नुसत्या 'गोळ्या'. मी हसून म्हटलेही, "अक्का, जेवणापेक्षा गोळ्याच जास्त झाल्या." ती म्हणाली, "तुझे गुडघे दुखू देत, मग बोल." आणि ते खरेच होते. दुखणे अंगावर काढा असा उपदेश करणाऱ्याला बहुधा कणीक मळायची नसते.

मी पोचल्यावर आठव्या दिवशी एका लग्नाचे जेवण झाले. बाहेर उन्हाचा कहर होता. रात्रीपासून अक्काला उलट्या आणि जुलाब सुरू झाले. लिंबूसरबत, ताक असे चालू होते. पण पोटात टिकेना. अंग फार दुखते म्हणून तिने त्या दोन दिवसांतही गुडघ्याच्या गोळ्या घेतल्या, मीच पाण्याबरोबर दिल्या. बीपीची गोळी तर चुकवायची नाही हे तिच्या मनात पक्के. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले, पण लघवी जवळजवळ बंद झाली. चेहरा सुजला, मळमळ थांबेना, बोलताना ती झोपेत गेल्यासारखी वाटू लागली. भाच्याने गाडी काढली आणि आम्ही तिला दवाखान्यात नेले. रक्त तपासले. क्रिएटिनीन ४.३. जानेवारीतला अहवाल दाजींनी जपून ठेवला होता, त्यात ०.९ होते.

तिथली तरुण डॉक्टर शांत होती. तिने विचारले, "माताजी कौन-कौन सी दवाई लेती हैं?" दाजी म्हणाले, "बस, बीपी की." तिने पुन्हा विचारले, "दर्द की कोई गोली?" दाजी गप्प. मी पर्समधून पट्टी काढून पुढे केली. ॲसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. तिने ती उलटून पाहिली, मग बीपीच्या गोळीची पट्टी पाहिली आणि दोन्ही शेजारी-शेजारी टेबलावर ठेवल्या. "दोनों साथ में, और ऊपर से दस्त," एवढेच म्हणाली.

पुढे सहा दिवस सलाईन, लघवीचे माप, रोज रक्त. डायलिसिसची वेळ आली नाही. घरी सोडताना क्रिएटिनीन २.१ होते, महिन्याने १.२ झाले. अक्का वाचली, तिची मूत्रपिंडेही बरीचशी सावरली. सगळ्यांच्या बाबतीत तसे होतेच असे नाही.

नेमके झाले काय, हे मी त्या डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून घेतले. आपल्याकडे घटप्रभेच्या, मलप्रभेच्या कालव्यांवर ज्यांची शेती आहे त्यांना ते चटकन कळेल. मूत्रपिंडातल्या प्रत्येक बारीक गाळणीला रक्त आत येण्याचे एक दार असते आणि बाहेर जाण्याचे एक. रक्त गाळले जायला आत दाब लागतो. पाटाला पाणी कमी आले की शरीर आत येण्याचे दार मोठे करते आणि बाहेरचे आवळते, म्हणजे तुटपुंज्या पाण्यातही काम चालते. आतले दार उघडे ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लॅंडिन नावाची द्रव्ये करतात. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड या सगळ्या गोळ्या नेमकी हीच द्रव्ये कमी करतात. त्यामुळेच तर दुखणे आणि सूज उतरते. ॲस्पिरिनही असेच काम करते, हे इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि १९८२ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. म्हणजे गुण आणि अवगुण एकाच मुळाचे आहेत. पोटाच्या अस्तराचे रक्षणही तीच द्रव्ये करतात, त्यामुळे जळजळ, व्रण, कधी आतल्या आत रक्तस्राव.

अक्काच्या बीपीच्या गोळीत दोन औषधे होती. टेल्मिसार्टन बाहेरचे दार सैल करते, दुसरे औषध लघवीवाटे पाणी काढते. एरवी दोन्ही उत्तम. पण जुलाबांनी पाटच आटला, गुडघ्याच्या गोळीने आतले दार बंद केले, बीपीच्या गोळीने बाहेरचे उघडे ठेवले. गाळणीत दाब उरलाच नाही. डॉक्टरमंडळींना हा तिहेरी फटका चांगला परिचयाचा आहे. घरातल्यांना नाही.

आणखी एक गोष्ट त्या डॉक्टरांनी दाखवली, ती मला फार लागली. या गोळ्यांनी अंगात मीठ-पाणी साठते आणि रक्तदाब वाढतो. अक्काची बीपीची गोळी वर्षापूर्वी वाढवली होती ती बहुधा याचमुळे. जळजळीची गोळीही गुडघ्याच्या गोळीपायीच. एका गोळीमागे दुसरी, दुसरीमागे तिसरी. पुढे वेदनाशामक बंद केल्यावर बीपीचे औषध कमी करता आले, आणि सकाळची उपाशीपोटीची गोळी आपोआप सुटली.

आमची आई गोकाककडची. तिच्या बोलण्यात गोळीला 'गुळगी', दुखण्याला 'ब्यानि'. पण दवाखान्यातल्या कन्नड पाटीवर, सरकारी पत्रकात गोळीला शब्द असतो 'मात्रे'. आपण मराठीत 'मात्रा' म्हणतो ती प्रमाणाला. वैद्याची मात्रा चाटवायची तीही मोजून. मूळ शब्द एकच, माप या अर्थाचा. एम.ए.ला असताना असले शब्द टिपून ठेवायची मला हौस होती, पण दुकानात उभी राहून 'मात्रे' मागताना आपण खरे तर माप मागतो आहोत हे दवाखान्याच्या बाकावर बसल्यावर सुचले.

माप कुठे लिहिलेले असते? पट्टीच्या मागे, मुंगीच्या पावलासारख्या अक्षरांत, तेही बहुतेक इंग्रजीत. पण तेवढे वाचायला हवे. 'शेड्यूल एच' असे छापलेले असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायचे नाही असा कायदा आहे. अक्काच्या पट्टीवर ते होते. डायक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड ही सगळी त्याच यादीतली. आपण त्यांना साध्या, दुकानात मिळणाऱ्या गोळ्या म्हणतो ते फक्त मिळतात म्हणून. एक हजाराहून कमी वस्तीच्या खेड्यात किराणा दुकानातसुद्धा विनापरवाना ठेवायची मुभा कायद्याने दिली आहे ती ॲस्पिरिन, पॅरासिटामॉल, बाम अशा घरगुती औषधांना. कुठली गोळी कुठल्या रांगेतली हे कायद्याला माहीत आहे. रस्त्यावर मात्र सगळ्या एकाच बरणीतल्या.

अक्का दवाखान्यात असताना एका संध्याकाळी भाचा मला केरवा धरणाच्या रस्त्याने घेऊन गेला. थोडा वारा लागावा एवढाच हेतू. तिकडे गिधाडांचे प्रजनन केंद्र आहे, वनविहार आणि मुंबईची बीएनएचएस मिळून चालवतात. आम्ही आत गेलो नाही. भाच्याला या विषयाची आवड. गाडी कडेला लावून तो सांगत होता आणि मी ऐकत होते.

आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की तासाभरात गिधाडे उतरत. १९९० नंतर ती दिसेनाशी झाली. पांढऱ्या पाठीचे गिधाड तर हजारात एकही उरले नाही. कारण २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून सापडले. दुखणाईत गुराला डायक्लोफेनॅक टोचलेले असायचे, ते मेल्यावर गिधाडे खायची आणि काही दिवसांत मूत्रपिंडे निकामी होऊन मरायची. भारतात २००६ मध्ये जनावरांसाठी हे औषध बंद झाले. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये इंजेक्शनची बाटली एका मात्रेपुरती, ३ मिलिलिटरची केली. आणि २०२३ मध्ये जनावरांसाठी आणखी दोन औषधांवर बंदी आली, कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅक. गुराच्या पोटात गेले की ॲसिक्लोफेनॅकचे डायक्लोफेनॅकच होते.

"मावशी, तू आणलेल्या पट्टीवर तेच नाव आहे," भाचा म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. माणूस म्हणजे गिधाड नव्हे, हे खरे. गिधाडाला त्या औषधाचा अंशही सोसत नाही, आपल्याला पुष्कळ सोसते. पण पुष्कळ म्हणजे किती, आणि कुणाला?

दाजींना मी एक जुनी हकीकत वाचून दाखवली, कारखान्यातल्या माणसाला ती पटेल म्हणून. स्वीडनमध्ये हुस्कवार्ना नावाचे गाव आहे, शस्त्रांच्या आणि शिवणयंत्रांच्या कारखान्याचे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत तिथल्या डॉक्टरने एक पूड लिहून दिली. फेनासिटिन, फेनाझोन आणि कॅफिन. साथ गेली, पूड राहिली. अंग दुखले, कंटाळा आला, कामाला हुरूप हवा, की कामगार पुडी घेत. वाढदिवसाला एकमेकांना ती भेट म्हणून देत. काही दशकांनी लक्षात आले की या गावात मूत्रपिंडे निकामी होऊन मरणारे फार आहेत. त्याच फेनासिटिनची 'एपीसी' गोळी आपल्याकडेही घरोघर होती. अण्णा सांगत, ताप असो की अंगदुखी, दवाखान्यातून कागदात गुंडाळून एपीसीच मिळायची. भारतात फेनासिटिनवर १९८३ मध्ये बंदी आली.

दाजी भेटीच्या पुड्यांपाशी थांबले. "तू पण कुंद्याबरोबरच आणल्या होत्यास," असे म्हणून हसले. मला हसता आले नाही.

गंमत अशी की शरीरात गेल्यावर फेनासिटिनचे बरेचसे होते ते पॅरासिटामॉल, आणि आज साध्या दुखण्याला, तापाला सगळ्यांत आधी घ्यावी अशी गोळी तीच आहे. पोटाला आणि मूत्रपिंडाला ती पुष्कळ सौम्य. पण तिचाही हिशेब आहे, आणि तो यकृताशी. धडधाकट मोठ्या माणसाने चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या वर जायचे नाही. म्हणजे ५०० च्या आठ, ६५० च्या सहा. वजन कमी असेल, यकृताचे दुखणे असेल, रोजची दारू असेल, तर त्याहून कितीतरी कमी. अडचण अशी की पॅरासिटामॉल एकटे कुठे राहते? सर्दीच्या गोळीत असते, डोकेदुखीच्या गोळीत असते, कॉम्बिफ्लाममध्ये आयबुप्रोफेनबरोबर असते, अक्काच्या गुडघ्याच्या गोळीतही होते. नावे चार, आत तेच. ताप आलेला माणूस दिवसभरात या चारही घेतो आणि म्हणतो, मी काही एकच गोळी पुन्हा घेतली नाही.

मुलांचे माप तर वजनावर असते, वयावर किंवा 'अर्धी दे' या हिशेबावर नव्हे. बारा वर्षांखालच्या मुलांना निमेसुलाइड द्यायला २०११ पासून बंदी आहे. मुलांच्या तापात ॲस्पिरिनही नको. पावसाळ्यात अंग मोडून ताप आला आणि डेंग्यूची शंका असेल तर मोठ्यांनीही आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक टाळावे, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. तिथे पॅरासिटामॉलच. दमा असलेल्या काहींना या गोळ्यांनी धाप लागते. मात्र हृदयासाठी डॉक्टरांनी रोजची लहान ॲस्पिरिन दिली असेल, तर हा लेख वाचून कुणी ती बंद करू नये. ती विचारल्याशिवाय सोडणे अधिक वाईट. आणि घरात कुणाला बीपी, मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर उलट्या-जुलाब झाल्यास रोजच्या गोळ्यांचे काय करायचे हे आधीच विचारून ठेवलेले बरे. आम्ही ते विचारले असते तर!

सुट्टी संपून कॉलेजला गेले तेव्हा माझ्या पर्समध्ये आणखी एक पट्टी सापडली. पाळीच्या वेळी पोट दुखणाऱ्या मुलींसाठी मी ती कायम ठेवत असे. मेफेनॅमिक ॲसिड. 'मॅडमकडे गोळी असते' ही माझी ख्याती होती, आणि खरे सांगायचे तर ती मला आवडत होती. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनने २०२३ च्या अखेरीस या औषधाबद्दल सूचना काढली होती. काहींना त्याने पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना सूज अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते, यावर लक्ष ठेवा, अशी. असे फार क्वचित होते आणि पाळीच्या दुखण्यावर हे औषध उपयोगी आहे, यात वाद नाही. एखाद-दोन दिवस, जेवणानंतर, डॉक्टरांनी एकदा सांगितलेल्या मापाने घेतले तर बहुतेक मुलींना काही होत नाही. पण मी गोळी देताना कुणालाही विचारले नव्हते की सकाळपासून काही खाल्ले आहेस का, पाणी किती प्यालीस, दुसरे औषध चालू आहे का. कन्नड माध्यमातून आलेल्या मुली तर लाजून मराठीत बोलतही नाहीत, नुसता हात पुढे करतात. आता मी आधी डबा उघडायला लावते, गरम पाण्याची पिशवी देते, कन्नडमध्येच विचारते. गोळी त्यानंतर. एका मुलीला दर महिन्याला तीन-तीन दिवस गोळी लागते असे कळले. तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवले. दुखणे इतके असायला नको, त्याला काही कारण असते, हे तिच्या आईलाही कुणी सांगितले नव्हते.

अक्काच्या गुडघ्यांचे काय, हे विचाराल. ते दुखतातच. पण खुर्चीत बसून पाय सरळ करून मोजून दहा आकडे धरायचा, असा मांडीच्या स्नायूंचा व्यायाम ती रोज करते. वजन चार किलो उतरवले. कणीक आता ओट्याशी उंच स्टुलावर बसून मळते. डॉक्टरांना विचारून वरून लावायचे मलम घेतले आहे, ते रक्तात फार कमी उतरते. फारच झाले तर पॅरासिटामॉल, वहीत वेळ लिहून. मधे कुणीतरी शंभर टक्के जडीबुटीची म्हणून एक पूड आणून दिली होती. असल्या पुड्यांत स्टेरॉइड आणि हीच वेदनाशामके मिसळलेली सापडतात, हे भाच्याला ठाऊक होते. ती मोरीत गेली.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. शेजारच्या वहिनींच्या सुनेला सहावा महिना लागला आहे. पाठ दुखते म्हणून वहिनींनी स्वतःच्या गुडघ्याची पट्टी तिला द्यायला काढली होती. अक्काने चष्मा लावून मागचे सगळे वाचले. पाचव्या महिन्यानंतर या गोळ्या बाळाच्या मूत्रपिंडालाही सोसत नाहीत, हे तिला दवाखान्यात कळले होते. तिने सुनेला डॉक्टरांना फोन लावायला सांगितला आणि पट्टी सरळ आपल्या घरी घेऊन आली.

"आता ही परत देऊ की कापून टाकू? वहिनी रागावल्यात," एवढे विचारायला तिने फोन केला होता. ठेवता ठेवता म्हणाली, "आणि दिवाळीला येशील तेव्हा कुंदा जास्त आण. त्यांनाही द्यायला लागेल."